दुसरीच्या नवऱ्याचं नाव

एकाहत्तरच्या लढाईत माझे मालक सरहद्दीवर होते आणि मी रोज दुपारी रहिमतपूरच्या पोस्टाच्या ओट्यावर बसलेली असायची. आमच्या गावात टपालवाला आठवड्यातून दोनदाच यायचा. तेवढा धीर कुणाला? आसपासच्या गावांतून माझ्यासारख्या सात-आठ जणी घरची कामं उरकून चालत यायच्या. सासूबाई म्हणायच्या, "तितं बसून पत्र लवकर येतं व्हय?" पण जाऊ नको असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. मुलगा त्यांचा होता.

खिडकीपाशी मात्र रोज पंचाईत व्हायची. कारकून विचारायचा, "पत्र पाठवणाऱ्याचं नाव?" आणि आम्ही सगळ्या मुक्या. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं, असं लहानपणापासून ऐकलेलं. एरवी असल्या गोष्टींना मी भीक घातली नसती. सातवी पास होते आणि त्याचा तोराही होता. पण तिकडे गोळ्या सुटत असताना परीक्षा कोण बघणार? जुनं पाकीट पुढे केलं की कारकून खेकसायचा.

पलीकडच्या गावची एक बाई माझ्या शेजारी बसायची. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, उन्हानं रापलेली, बोलायला फटकळ. तिनंच तोड काढली. "तू माज्या मालकाचं नाव घे, मी तुज्याचं घेते. दुसरीनं घेतल्यावर काय हुतंय?" तिच्या पाकिटावरचं नाव मी वाचलं. तिला अक्षर येत नव्हतं, म्हणून माझ्या पाकिटावरचं तिनं टपालवाल्याकडून वाचून घेतलं. त्या दिवसापासून खिडकीत तिच्या नवऱ्याचं पत्र मी मागायची आणि माझ्या नवऱ्याचं ती.

पत्र नाही म्हटलं की आम्ही तिच्या पदरातल्या शेंगा फोडत बसायचो. "माजं मानूस लय घोरतंय," ती म्हणायची, "दुश्मनाला तेवड्यावरनंच ठावठिकाना कळंल." मी हसायची आणि हसता हसता रडायची. घरी मी कुणापुढे रडले नव्हते. सासूबाईंपुढे रडणं म्हणजे त्यांच्या मुलाचं वाईट चिंतणं. या बाईचं माझं नातं ना गोतं, म्हणून तिच्यापुढे जमलं.

लढाई थांबली. गावात साखर वाटली. पत्र मात्र दोघींनाही नव्हतं. त्याच आठवड्यात जुना कारकून बदलून गेला आणि नवा आला, मऊ बोलणारा. चौथ्या दिवशी तो खिडकी सोडून ओट्यावर आला आणि थेट माझ्यासमोर उभा राहिला.

"बाई, तार आहे. तुमच्याबरोबर कुणी पुरुष माणूस आलंय का?"

तार म्हणजे काय हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. बायकांनी हंबरडा फोडला. एका म्हातारीनं माझ्या बांगड्यांना हात घातला, तर माझ्या शेजारणीनं तो झिडकारला. "आत्ताच नगं! आदी घरी तरी जाऊ द्या तिला." मग तिनं मला ओढून कुशीत घेतलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिली. "रड, माजे बाय. मी हाय." ती माझ्याहून जास्त रडत होती.

कारकुनानं सहीसाठी कागद पुढे केला आणि तारेवरचं नाव वाचलं. ते तिच्या नवऱ्याचं होतं. तो आल्यापासून रोज ते नाव माझ्या तोंडून ऐकत होता, तेव्हा त्याच्या लेखी बायको मीच. त्या बिचाऱ्याचा काय दोष?

मी काय केलं ते सांगते. मी मोकळा श्वास घेतला. तिची आसवं माझ्या मानेवर ओली होती आणि माझ्या मनात पहिलं आलं ते "सुटले." मग पाठीवरचा तिचा हात थांबलेला मला कळला.

ती ओरडली नाही. कारकुनाला म्हणाली, "परत वाचा." त्यानं परत वाचलं.

तेराव्याला मी तिच्या गावी गेले. तीन दिवसांपूर्वीच माझ्या मालकांचं पत्र आलं होतं, खुशाल असल्याचं. ती कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. रिकामं कपाळ, रिकामे हात. मी समोर बसले तर तिनंच आधी विचारलं, "तुज्या मालकाचं काय कळलं का गं?"

"न्हाई," मी म्हणाले.

का म्हणाले? तिच्या त्या हातांकडे बघून खरं तोंडातून बाहेर पडेना. तिनं माझा हात धरला. "येईल. मी रोज देवाला सांगते." मी उठले ती पुन्हा तिच्या दारात गेले नाही. गेले तर खरं सांगावं लागलं असतं.

शिमग्याच्या आधी मालक रजेवर आले. आम्ही दोघं रहिमतपूरच्या बाजाराला गेलो होतो. तिच्या गावची एक म्हातारी, तेराव्याला मला पाहिलेली, गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आली.

"आवं, तुमच्या मालकांचं पत्र आलं का वं? ती लय इचारती. तुमच्यासाठनं सोमवार धरल्यात तिनं."

मालक माझ्या शेजारी पिशवी धरून उभे होते. त्यांनी म्हातारीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कोन इचारतंय गं?"

"कुनी न्हाई," मी म्हणाले. "वळखीची न्हाई."