दुधाच्या रिकाम्या बाटल्या

ख्राइस्टचर्चला आमच्याकडे चहा, दही, पनीर यांत दुधाच्या दोन-दोन लिटरच्या बाटल्या भराभर रिकाम्या व्हायच्या. गल्लीतला एक म्हातारा दर गुरुवारी त्या न्यायला यायचा. "झाकणं लावून ठेवा," एवढंच बोलायचा. कशाला हव्यात, ते मी कधी विचारलं नाही.

एका शनिवारी तो मला त्याच्या भावाच्या फार्मवर घेऊन गेला. पाण्याने भरलेल्या आठ बाटल्या त्याने एकामागे एक मांडल्या, लांब जाऊन पोटावर आडवा झाला आणि रायफल झाडली. मग गुडघे सांभाळत परत आला. पाचव्या बाटलीतून त्याने गोळी काढली, शर्टाला पुसली, छोट्या वजनकाट्यावर ठेवली आणि आकडा वहीत लिहिला. गोळीचं टोक फुलासारखं उमललं होतं.

"चांगली आहे?" मी विचारलं.

"चांगलीच असते," तो थकल्या आवाजात म्हणाला. "पाण्यात अशी उमलते ती अंगातही उमलते, जनावर जागीच पडतं. पण एक हरिणी माझी गोळी लागूनही चालत गेली. दोन दिवस शोधली. सापडली नाही."

"कधी?"

"अकरा वर्षं झाली."

"आणि त्यानंतरची शिकार?"

फुटक्या बाटल्या पोत्यात भरत तो म्हणाला, "त्यानंतर फक्त बाटल्या."

पुढच्या गुरुवारी बाटल्या मी स्वतः विसळल्या, झाकणं घट्ट लावली आणि दाराशी ठेवल्या. तोवर हे काम बायको करायची.