लाल, लहान, खालचा

बुटांच्या कारखान्यात तिला सगळे डिक्शनरीबाई म्हणायचे, आणि ते काही कौतुकानं नव्हे. काम खोक्यात बूट भरायचं, आणि ही बया जेवणाच्या सुट्टीत वही उघडून बसायची! डावीकडे इटालियन शब्द, उजवीकडे इंग्रजी.

चामडं कापायचं जुनं प्रेस बसवायला एक म्हातारा इटालियन मिस्त्री दोन महिने येऊन राहिला होता. त्याला इंग्रजीचा गंध नाही, आणि मशीनवरच्या नावांच्या पट्ट्या सगळ्या इंग्रजी. बाईनं त्याचं डोकं खाल्लं. मशीनच्या एका नळाकडे बोट दाखवून शब्द विचारायचा, मग दुसऱ्या नळापाशी, तिसऱ्या नळापाशी पुन्हा तेच. तिन्ही वेळा जुळलं तरच वहीत. दहावी नापास बाई, पण अंदाजानं एक अक्षर लिहिलं नाही तिनं!

धाकटी नणंद त्याच प्रेसवर होती. "वहिनी, आता खोकी काय इटालियनमध्ये भरणार?" अशी रोज टर उडवायची.

एका सकाळी त्याच नणंदेचा हात प्रेसमध्ये अडकला. वीज बंद केली, तरी वरची जड प्लेट हलेना. आणखी जराशी खाली आली असती तर पंजाचा चुराडा! मेकॅनिक रजेवर. सुपरवायझरनं इटलीला परत गेलेल्या म्हाताऱ्याला फोन लावला आणि बाईच्या हातात कोंबला.

म्हातारा भराभर बोलला. नेमका पहिलाच शब्द, काय उघडायचं त्याचा, वहीत नव्हता.

"अंदाजानं सांगा हो काहीतरी!" सुपरवायझर ओरडला.

"अंदाज गेला खड्ड्यात! पोरीचा हात आहे आत!" बाई कडाडली. मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये तिनं विचारलं, हा शब्द मला येत नाही, रंग कुठला?

"रोस्सो." लाल. "पिक्कोलो." लहान. "सोत्तो." खाली.

खाली लहान लाल नळ निघाले दोन. एकावर इंग्रजीत 'फ्रंट', दुसऱ्यावर 'बॅक'. चुकीचा उघडला तर प्लेट थेट बोटांवर. सुपरवायझरचा हात पुढच्या नळाकडे निघालासुद्धा.

"थांबा म्हणते ना!" तिनं फोनमध्ये विचारलं, पुढचा की मागचा? "दिएत्रो," म्हातारा म्हणाला. नणंद किंचाळत होती, तरी बाईनं तो शब्द तीनदा वदवून घेतला. काय काळीज म्हणावं हे!

"बॅक. आणि हळू फिरवा, हळू म्हणतोय तो."

प्लेट उचलली गेली. हात बाहेर आला, सुजलेला, सोललेला, पण पाची बोटं जागेवर.

म्हातारा फोनवर अजून काहीतरी विचारत होता. हात कुणाचा होता? बाईनं आठवून पाहिलं. नळ, दार, तेल, खिळा, सगळं होतं तिच्यापाशी. नणंदेला काय म्हणतात ते कधी विचारलंच नव्हतं. "मीया," ती म्हणाली, आणि तिनं भोकाड पसरलं.

"काय सांगितलंस गं त्याला?" नणंदेनं हुंदके देत विचारलं.

"म्हटलं, माझा हात होता."