अठ्ठावन्न नंबरची जागा

आमच्या डोंबिवलीच्या फुटबॉल क्लबची वेटिंग लिस्ट माझ्याकडे आली, कारण सोसायटीची टँकरची यादीही माझ्याकडेच होती. कोणत्या घराला किती हंडे, कोणी आपला नंबर कोणाला दिला, सगळं त्यात वेगवेगळ्या रंगांत लिहिलेलं असे. क्लबच्या कमिटीतल्या एकाने ती वही पाहिली आणि म्हणाला, "वहिनी, आता तुम्हीच." मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळते. यादी करणं मला कधी जड गेलं नाही.

पूर्वी रविवारच्या मॅचला जो येईल तो सिमेंटच्या पायऱ्यांवर बसत असे. मग आमचा संघ जिंकायला लागला. वरच्या गटात गेला तसं अख्खं डोंबिवली आपण लहानपणापासून फुटबॉलच बघत आलो असं सांगू लागलं. क्लबने सीझन पास काढले, ते एका सकाळीत संपले. उरलेल्यांची नावं मी लिहून घेतली, आल्या क्रमाने. नियम एकच: मध्ये कोणी घुसायचं नाही.

या यादीत अठ्ठावन्नाव्या नंबरावर माझे सासरे होते.

खरं तर पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं होतं, "बाबा, पास घेऊन ठेवू का?" ते तरुणपणी कारखान्याच्या संघाचे गोलकीपर होते आणि याच मैदानावर खेळलेले. म्हणाले, "मी या मातीत लोळलोय. मला पास कोण विचारतो?"

गेटवरच्या पोराने विचारला, तेव्हा कुठे बाबांनी यादीत नाव लिहायला सांगितलं. त्यानंतर तीन रविवार बाबांनी कुंपणाला टेकून उभ्याने मॅच पाहिली. चौथ्या रविवारी गुडघ्यांनी नकार दिला आणि बाबा घरी बसले. मॅच चालू असताना ते बाल्कनीत उभे राहायचे. मैदान तिथून दिसत नाही, फक्त आरडाओरडा ऐकू येतो. त्यावरून गोल कोणाचा झाला ते ओळखायचे. दोनदा चुकले, तेव्हा बाल्कनीचं दार लावून घेतलं.

"घरातल्या माणसाला एक सीट नाही?" नवरा म्हणाला.

"सत्तावन्न घरांत अशीच माणसं आहेत," मी म्हटलं. बाबा पेपरमागून म्हणाले, "सूनबाईचं बरोबर आहे. नंबर कितवा म्हणालीस?" हे ते रोज विचारायचे.

मग कमिटीने मैदानाच्या पूर्वेला हंगामापुरती नवी गॅलरी उभारायचं ठरवलं. मोजणी माझ्याकडे. पाच पायऱ्या, प्रत्येक पायरी अठरा फूट लांब. एका माणसाला अठरा इंच धरले तर एका पायरीवर बारा, म्हणजे साठ जागा. अठ्ठावन्न नंबर आत बसत होता. मी हा हिशोब घरी तीन वेळा करून पाहिला आणि मगच बाबांना सांगितलं. संध्याकाळी बघते तर जुन्या चपलांना पॉलिश चाललेलं.

नवरात्र आटोपलं की मांडववाले मोकळे होतात. आमचे मांडववाले शेजारच्या गावातले, तीन पिढ्या गणपती-नवरात्रीचे मांडव घालणारे. लोखंडी पाइप, जाड फळ्या, काम एकदम पक्कं. मी स्वतः टेप लावून पाहिली आणि पायऱ्यांवर नंबरांचे स्टिकर कुठे लावायचे ते त्यांना खडूने आखून दिलं. वरून सुरुवात, म्हणजे शेवटचे नंबर सगळ्यात खाली आणि बाबांना चढायला नको.

रविवारी मी तासभर आधी पोहोचले आणि थबकले. सगळ्या पायऱ्यांवर लाल कार्पेट. पुढच्या जमिनीवरही दहा फूट कार्पेट. त्याच्या कडेला बोर्ड: 'कृपया चपला येथे काढाव्यात.'

"दादा, हे काय?"

"ताई, उघड्या फळीवर मानसं बसवू काय? लोकं नावं ठेवतील आमाला," मांडववाले म्हणाले. "नंबर कार्पेटवरच चिकटवलेत बघा, तुमच्या मापात. बोर्ड गाडीतच असतो, तो लावला."

काढायला वेळ नव्हता. लोक यायला लागले. आणि डोंबिवलीचा माणूस लाल कार्पेट पाहून जे करतो ते सगळ्यांनी केलं. चपला काढल्या, वर गेले आणि मांडी घातली.

अठरा इंचांत पाय खाली सोडलेला माणूस बसतो. मांडी घातलेला नाही. त्याला दोन फूट लागतात. बारांच्या जागी नऊ झाले आणि पायरी भरली. माझी टेप बरोबर होती, माणसं मी चुकीची बसवली होती. नवे पास हातात घेऊन पंधरा जण खाली उभे, आणि त्या पंधरांत बाबा, पॉलिश केलेल्या चपला घालून.

"जरा सरका," मीही चपला काढून पायरीपायरीवर म्हणत फिरले. सगळे हसून जागच्या जागी हलायचे आणि पुन्हा तितकेच पसरायचे. शिट्टी व्हायला पाच मिनिटं होती. बाबांकडे बघायची माझी हिंमत होईना.

तेवढ्यात ते चालत निघाले. चपलांसकट, लाल कार्पेटवरून.

"आजोबा, चपला," वरून कोणीतरी म्हणालं.

"राहू दे. वाकता येत नाही."

"अहो, पण बोर्ड लावलाय."

"देऊळ आहे का हे?" बाबा थांबले. "देऊळ असेल तर सांगा, मी हात जोडून बसतो. पण मग आपल्या गोलकीपरला शिव्या कोण घालणार? मांडी घालून, पवित्र होऊन, तुम्ही घालणार?"

आधी एक बाई हसल्या, मग त्यांची पायरी, मग सगळी गॅलरी. "पाय खाली सोडा रे," कोणीतरी ओरडलं, आणि वरपासून खालपर्यंत मांड्या सुटत आल्या. जो तो आपला नंबर शोधायला लागला. पायऱ्या लांब झाल्यासारख्या वाटल्या. अठ्ठावन्नचा स्टिकर त्या हसणाऱ्या बाईंच्याच गुडघ्याखालून निघाला. "बसा काका, तुमच्यावरच बसले होते मी," त्या म्हणाल्या.

बाबा बसले, पाय पुढे ताणून. मी वहीत अठ्ठावन्नवर खूण केली. ती जरा तिरकी आली. तशीच ठेवली.

आम्ही दोन-एकने जिंकलो. गोलकीपरला बाबांनी पूर्ण वेळ सूचना दिल्या. त्यातल्या एका सूचनेवर त्याने वळून पाहिलं, हे बाबा अजून सांगतात.

मॅच संपल्यावर बाबा सोडून बाकीची एकोणसाठ माणसं आणि मी कार्पेटच्या कडेला चपलांच्या ढिगात वाकलो होतो. एक काळी, एक चॉकलेटी घालून बघत, एकमेकांना ढकलत, गोलची चर्चा करत. माझी डावी चप्पल सापडेना. बाबा गेटपाशी पोहोचले होते. तिथून वळून म्हणाले, "अगं, सावकाश शोध. पुढच्या वेळी चपलांचीही यादी कर."