भरायचा राहिलेला ग्लास

ऐंशीच्या दशकात मी ऑस्ट्रेलियात, मेलबर्नजवळच्या क्लेटनला युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये नोकरीला होतो. तिथला माझा सीनियर कोरियन, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. शुक्रवारी दुपारी काम आटोपलं की आम्ही दोघं बिअर घ्यायचो. आपला ग्लास आपण भरायचा नाही, समोरच्याने भरायचा. मोठ्या माणसाला ओतताना दोन्ही हात लावायचे, त्याच्यासमोर पिताना तोंड बाजूला वळवायचं, हे सगळं त्यानेच मला शिकवलं. तीन वर्षं आम्ही एकमेकांचे ग्लास भरले.

मग पुण्याहून बाबा आले. सुपारीचंही व्यसन नसलेला माणूस. मी घरातल्या बाटल्या पुस्तकांमागे दडवल्या. चाळिशीला टेकलेला घोडा मी, पण बाबांसमोर अजून बोबडी वळायची.

सीनियरने आम्हाला रविवारी जेवायला बोलावलं. माझे वडील आलेत म्हणून त्याने मायदेशाहून आणून जपून ठेवलेली सोजूची, म्हणजे कोरियन दारूची, बाटली उघडली. बाबांनी हात जोडून नको म्हटलं, तो हसला. मग बाटली माझ्याकडे वळली.

"नो, नो. आय डोन्ट ड्रिंक," मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने बाटली खाली ठेवली. त्याचा स्वतःचा ग्लास रिकामाच होता. मी नुसती बाटली उचलायची होती. पण न पिणाऱ्याला ही रीत कुठून ठाऊक असणार? मी मान खाली घालून जेवत राहिलो. लाज वाटत होती, पण भीती जास्त होती.

"तुम्ही नाही घेत?" बाबांनी त्याला इंग्रजीत विचारलं.

"आमच्यात स्वतः ओतून घेत नाहीत," तो म्हणाला. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही.

जन्मात दारूच्या बाटलीला हात न लावलेल्या बाबांनी ती बाटली दोन्ही हातांनी उचलली, तीर्थाचं भांडं धरावं तशी, आणि त्याचा ग्लास भरला. तो अर्धवट उठला, वाकला आणि तोंड बाजूला वळवून प्याला.

परतताना ट्रेनमध्ये बाबा म्हणाले, "पुस्तकांमागच्या बाटल्या मी पहिल्याच दिवशी पाहिल्या. त्याचं काही नाही रे. पण ज्याच्या घरी जेवलास, त्याचा ग्लास रिकामा ठेवलास?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या शुक्रवारी मी दोन्ही हातांनी बाटली पुढे केली. सीनियरने ग्लासवर तळहात ठेवला.

"यू डोन्ट ड्रिंक," तो हळूच म्हणाला. मग माझ्या हातातून बाटली घेऊन त्याने आपला ग्लास आपणच भरला.