चारही इंडिकेटर

भीती त्याच्या पाचवीलाच पुजली होती. गॅसचं बटण दोनदा बघायचं, कुलूप ओढून बघायचं आणि अर्ध्या जिन्यातून परत येऊन पुन्हा ओढायचं. कचेरीत त्याला सगळे ‘सावधान’ म्हणत, आणि तो बिचारा त्या नावाला ओ द्यायचा. बायको मात्र धीट. ती फिरती नर्स. जुनी गाडी काढून लांबलांबच्या पेशंटकडे जायची, आणि ती परत येईपर्यंत ह्याचा जीव टांगणीला.

गाडीचे मागचे इंडिकेटर मिणमिणते होते. एखादा ट्रक मागून येऊन आदळेल, ह्या विचाराने ह्याची झोप उडाली. मेकॅनिकवर विश्वास टाकणं काही जमेना, म्हणून स्वतःच एलईडी आणले आणि व्हिडिओ बघत सोल्डरिंग शिकला. दिवे लखलखले, पण उघडझाप भलत्याच घाईने होऊ लागली. एलईडी वीज फार कमी खातात, त्यामुळे बल्ब गेलाय असं गाडीला वाटतं. त्यावर उपाय म्हणजे जास्तीची वीज खाणारा रेझिस्टर. त्याने दोन्हीकडे एकेक जोडला, आणि खडखड नको म्हणून डिकीच्या आतल्या प्लॅस्टिकला फोमच्या पट्टीने घट्ट चिकटवला. त्या खटाटोपात अंगठ्याला फोड आला, त्याचं खापर त्याने सोल्डरिंगवर फोडलं. डावा, उजवा, एकेकदा लावून पाहिला. काम चोख होतं.

रविवारी सकाळी बायको धाकट्या लेकीला घेऊन बहिणीकडे निघाली. बाहेर दाट धुकं. थोड्या वेळाने फोन आला.

“अहो, टायर बसलंय. घाबरू नका, कडेला घेतलीय. मदतीला माणूस येतोय. मघापासून चारही इंडिकेटर लावून बसलेय, तुमचे दिवे काय मस्त दिसतात धुक्यात. पोर मागे झोपलीय.”

तो सुखावला. नकळत अंगठ्यावरचा फोड चोळू लागला आणि एकदम थांबला. सोल्डरिंग संपल्यावर, दिवे तपासून झाल्यावर, त्याने रेझिस्टर नीट बसलाय का म्हणून अंगठ्याने दाबला होता. फोड तेव्हा आला होता, तापलेल्या रेझिस्टरने. तेही दिवे वळताना लावतात तेवढाच वेळ चालू असताना. इथे तर दोन्ही रेझिस्टर कधीचे चालू होते, प्लॅस्टिकला चिकटून, झोपलेल्या पोरीच्या पाठीमागे.

बंद करायला सांगावं, तर धुक्यातून ट्रक येणार. चालू ठेवावेत, तर आग. आणि ती ऐकणार तरी का? आजवर त्याने तिला किती वेळा उगाच घाबरवलं होतं.

“पोरीला उचल,” तो म्हणाला. “गाडीतून उतर आणि रस्ता सोडून लांब जा. दिवे राहू देत. सामान काढू नकोस.”

पलीकडून दार उघडल्याचा आवाज आला, झोपमोड झालेल्या पोरीचं रडणं, गवतातली पावलं.

“उतरलो,” ती म्हणाली. “अहो, डिकीतून धूर येतोय.”

“अजून लांब जा,” तो म्हणाला.

गाडीची मागची बाजू पार वितळून गेली. संध्याकाळी पोर त्याच्या मांडीवर झोपली असताना त्याने बायकोला विचारलं, “तू लगेच उतरलीस कशी? माझं कधी ऐकतेस?”

“तुमचा आवाज शांत होता,” ती म्हणाली. “एवढी भीती मला कधीच वाटली नव्हती.”