तुसात पुरलेला फ्रिज

चहा घ्या आधी. आणि हसायचं असेल तर सुरुवातीलाच हसून घ्या, कारण शेवटाला कुणी हसलं की माझं डोकं फिरतं. माझ्या हातून असा गाढवपणा झालाय की कासू स्टेशनावर अजून लोक मला थांबवून विचारतात, "काय मग, फ्रिजला थंडी वाजते का?" विचारा, तुम्हीही विचारा!

पण मी कोण ते कळल्याशिवाय त्या गाढवपणाची उंची कळायची नाही. मी बर्फवाला. अर्धं आयुष्य पेणहून बर्फाच्या लाद्या टेम्पोत घालून धरमतरला मासळीवाल्यांकडे पोचवल्या. भर मे महिन्यात बर्फ जपणं म्हणजे काय चेष्टा वाटली? लादी भाताच्या तुसात पुरायची, वरून गोणपाट, गोणपाटावर पुन्हा तूस. वारा म्हणून लागू द्यायचा नाही. बर्फाला वारा लागला की त्याचं पाणी झालंच म्हणून समजा. इतरांच्या लाद्या जेट्टीवर पोचेपर्यंत साबणाच्या वडीएवढ्या व्हायच्या, माझ्या लादीचे कोपरे शाबूत असायचे. तेव्हा गारवा कसा राखायचा हे मला कुणी शिकवायचं? तीच मस्ती नडली.

आता आबा. आबा म्हणजे माझे वडील. माणसाचा जन्म मिठागरात गेला, आणि म्हातारपणी रोग लागला साखरेचा! सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनचं इंजेक्शन. टोचायचो मीच. पण ती बाटली गारव्यात ठेवावी लागते आणि आमच्या घरी फ्रिज नव्हता. म्हणून बाटली असायची शेजारी, माझ्या चुलतभावाकडे. म्हणजे त्याच्या बायकोच्या, भारती वहिनीच्या ताब्यात.

दोन वेळा तिच्या दारात जाऊन उभं राहायचं. फ्रिज उघडताना ती काहीतरी बोलणारच.

"भाऊजी, जरा येळेवर येत जा. आमी जेवाला बसतो ना!"

"भाऊजी, तुमची बाटली सरकवली हाय हां मागं. कोलंबीला जागा नव्हती."

तसं बघितलं तर त्यात वाईट काय होतं? काही नाही. पण उपकाराखाली असलेल्या माणसाला साधं बोलणंही लागतं. ज्या मी सगळ्या खाडीला बर्फ पुरवला, त्या मला बोटाएवढ्या बाटलीसाठी परक्याच्या स्वयंपाकघराबाहेर चपला काढून उभं राहावं लागत होतं. रात्री पडल्यावर तेच आठवायचं. शेवटी ठरवलं, फ्रिज घ्यायचा. लहान का होईना, पण आपला!

रोह्याला गेलो आणि एक छोटा फ्रिज पसंत केला. कमरेलाही लागायचा नाही एवढासा, पण दिसायला झ्याक. दुकानदार बिचारा चांगला होता. म्हणाला, "काका, टेम्पोत आडवा घालू नका. घरी नेल्यावर काही तास तसाच उभा राहू द्या, मगच चालू करा. प्लग थेट भिंतीतल्या बोर्डाला लावा. आणि मागं, बाजूला वीतभर जागा सोडा. वारा खेळला पाहिजे."

पहिली गोष्ट मी पाळली. रोह्यापासून घरापर्यंत टेम्पोत मागे बसून, नवरदेवाला सांभाळावं तसा त्याला दोन्ही हातांनी उभा धरून आणला. दुसरीही पाळली, दुपारभर त्याला हात लावला नाही. पण वारा खेळला पाहिजे? हे ऐकून मला त्या दुकानदाराची कीव आली. एसीत बसून फ्रिज विकणाऱ्याला गारव्यातलं काय कळतं, मला सांगा!

मी फ्रिज कोपऱ्यात दोन्ही भिंतींना घट्ट चिकटवला. उघड्या बाजूला फळी उभी केली. गिरणीतून तूस आणलं, फटीफटीत ठासून भरलं, वर गोणपाट, त्यावर पुन्हा तूस. फक्त पुढचं दार मोकळं. भिंतीतला बोर्ड लांब पडत होता, म्हणून टीव्हीच्या एक्स्टेन्शनलाच जोडला. सुमन, माझी बायको, कमरेवर हात ठेवून बघत होती.

"आवो, दुकानदार काय बोलला नि तुमी काय करताय?"

"तू गप बस गो. त्यानं किती बर्फ वाहिलाय?"

"ह्यो बर्फ नाय ना पन. ही मशीन हाय."

आता एवढं सरळ, एवढं स्वच्छ तिनं सांगितलं होतं. ऐकलं का मी? बायकोचं ऐकलं असतं तर आज तुम्हाला सांगायला किस्सा कुठून असता!

मग मी ताठ मानेनं शेजारी गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो, बोला!

"वहिनी, आमची बाटली द्या. आजपासून तुमच्या कोलंबीला जागाच जागा."

"आवो भाऊजी, असू द्या की. मी कधी नाय म्हनलं?"

"नको. फ्रिज आणलाय आम्ही." हे मी शेजारच्या दोन घरांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणालो. वहिनीचा चेहरा उतरला आणि मला, खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

घरात मी कायदा केला. दार इंजेक्शनपुरतं उघडायचं, हात घालायचा, बाटली काढायची, लगेच बंद. उगाच गारवा सांडायचा नाही. एकदा सुमननं हात घातला आणि म्हणाली, "गार लागत नाय वो. उबारा वाटतो."

"तू चुलीपाशीनं आलीस. तुझाच हात गरम हाय."

"मग बाहेरून पन कढत कशानं लागतो?"

"बाहेर गरम म्हणजे आत गार! उन्हाळा आत शिरायला बघतोय आणि तूस त्याला शिरू देत नाय." असं म्हणून मी अजून एक गोण तूस आणून घातलं. यंत्र दिवसरात्र घरघरत होतं, आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगत होतो, बघा, क्षणभर बसत नाही, कामाचा आहे!

थोड्या दिवसांत आबांना सारखी तहान लागायला लागली. तांब्यावर तांबे रिकामे. रात्री उठणं वाढलं, पाय गळाले. पेणला डॉक्टरांकडे नेलं तर साखर भलतीच चढलेली. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. "इंजेक्शन चुकतं का?"

"छे! मी स्वतः देतो."

"मग चोरून गोड खातात का?"

झालं! हा प्रश्न माझ्या डोक्यात असा बसला की बास. परतताना एसटीत तोच घोळत होता. गडब गाव मागं पडल्यावर आबांकडे वळून म्हणालो, "काय खाल्लंत?"

"कुठं काय? तुमी देता तेच."

"डॉक्टर खोटं बोलतात?"



त्या दिवसापासून आमच्या घरात पोलीस चौकी सुरू झाली. गुळाचा डबा मी ट्रंकेत टाकून कुलूप लावलं. आबा बाहेरून आले की जवळ जाऊन त्यांच्या तोंडाचा वास घ्यायचो. बंडीचे खिसे उलटे करायचो. ऐंशीकडे झुकलेला माणूस, हात वर करून उभा राहायचा आणि मी खिसे चाचपायचो! त्यात एक दिवस मोरीत मुंग्यांची रांग दिसली. सापडला पुरावा! म्हातारा मोरीत बसून गोड खातो! मुंग्या तिथे कशाला आल्या होत्या ते पुढे डॉक्टरांनी सांगितलं. ज्याच्या लघवीतून साखर जाते, त्याच्या मोरीत मुंग्या येणार नाहीत तर काय होईल? पण तेव्हा मला ते कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

आणि नेमकं तेव्हाच शेजारी वहिनीच्या मुलीचा दहावीचा निकाल लागला आणि पेढे वाटले गेले. मग काय, माझी खात्रीच पटली. कुंपणापाशी जाऊन ओरडलो, "वहिनी, आबांना पेढे भरवता होय? फ्रिज आणला त्याचा राग असा काढता?"

वहिनी वाळत घातलेली मासळी टाकून आली. आधी तिला कळेचना. कळलं तेव्हा तिचे डोळे भरले.

"भाऊजी, दोन वर्सं त्या बाटलीला जपलीय मी. लाईट गेली तर माठात ठेवायची. रातचं उठून बघायची. आनि मी आबांना साखर चारीन?"

सगळी आळी बघत होती. सुमन मला दंडाला धरून आत ओढत होती. मी मात्र विजयी वीर! आत आलो तर आबा खाटेवर उठून बसलेले.

"तिला कशाला बोलतोस रं?" ते म्हणाले. "मी खाल्ला पेढा."

"बघ सुमन! बघितलंस? मी सांगत नव्हतो?"

"खाल्ला म्हनलं ना. मीच घेतला, तिनं नाय दिला. आता थांब."

मी थांबलो. अगदी तृप्त होऊन थांबलो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन करून कळवलंही की चोर सापडला.

चोर सापडला तरी साखर कुठली उतरायला! एका सकाळी आबा अंगणात जायला उठले ते तिथेच कोसळले. बोलणं तोंडातल्या तोंडात, श्वास जोरजोरात. टेम्पोत घालून पेणला नेलं. ज्या टेम्पोत मी लाद्या वाहिल्या त्यातच बापाला निजवलं होतं, आणि सुमन त्यांचं डोकं मांडीवर घेऊन माझ्याकडे बघतही नव्हती. मी मनात कुणाला शिव्या देत होतो माहीत आहे? पेढ्याला!

दवाखान्यात सलाइन लावलं, तिथल्या बाटलीतलं इन्सुलिन दिलं. आणि साखर सरळ उतरायला लागली. डॉक्टर विचारात पडले. "घरची बाटली कुठे ठेवता?"

"फ्रिजमध्ये!" मी छाती पुढे काढून म्हणालो. "आणि साध्यासुध्या नाही डॉक्टर. चारी बाजूंनी तूस, त्यावर गोणपाट. वाऱ्याला शिरायला जागा नाही!"

डॉक्टरांचं पेन थांबलं. नर्स हातात सुई घेऊन तशीच उभी राहिली. शेजारच्या खाटेवरचा पेशंटसुद्धा कुशीवर वळला.

"तुम्ही फ्रिजला गोधडी घातलीत?"

"गोधडी नाही, तूस."

डॉक्टर खुर्चीवर बसले. "अहो, फ्रिज म्हणजे बर्फाची पेटी नाही. तो आतली उष्णता उपसून मागून आणि बाजूनं बाहेर टाकतो. तुम्ही त्याची बाहेर टाकायची वाटच बुजवलीत. इतके दिवस उन्हाळ्यात त्या बंद पेटीत बाटली शिजत होती. रोज टोचत होतात ते औषध राहिलंच नव्हतं. आणि तूस पेटलं कसं नाही, देव जाणे."

मी आबांकडे बघितलं. डोळे मिटलेले होते. झोप लागली होती की नाही, कुणास ठाऊक.

घरी येऊन फळी काढली. तूस हाताला गरम. एक्स्टेन्शनचं प्लास्टिक वितळून पिवळं पडलेलं. आणि फळीच्या आत, गोणपाटाखालून शिरून, तुसात मस्त खळगा करून, कितीतरी दिवस न दिसलेली आमची खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलेली! मी हात पुढे केला तशी टोचली मला. उबेची जागा कोणती हे तिला बरोबर कळलं होतं. फ्रिजचं यंत्र जळून गेलं होतं ते वेगळंच.

संध्याकाळी नवी बाटली हातात घेऊन मी अंगणात उभा होतो. शेजारी जायला पाय उचलत नव्हता. वहिनीच कुंपणापाशी आली, हात पुढे केला, बाटली घेतली आणि आत गेली. एक शब्द बोलली नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर मी तिचे पाय धरले असते.

आबा घरी आले. साखर ताब्यात आली होती. डॉक्टर म्हणाले होते, एखाद्या वेळी अर्धा पेढा दिलात तर बिघडणार नाही. मग मी काय केलं? पेणमधून चांगले केशरी पेढे आणले. माफी मागायची कशी ते कुठे येत होतं मला! त्यांच्या खाटेजवळ खाली बसलो, अर्धा पेढा मोडून पुढे केला.

"आबा, तेव्हा खाल्ला नव्हता तर खाल्ला का म्हणालात?"

"तू त्या पोरीला बोलत होतास. आनि नवी मशीन आनलेलीस तू, इस्त्रीचा शर्ट घालून मिरवत होतास. मला वाटलं, नव्यात काय बिघडंल? बिघडलो असंन तर मीच."

पेढा तसाच पुढे धरून म्हणालो, "घ्या ना आबा. डॉक्टरांनीच सांगितलंय. घ्या."

आबांनी पेढ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. हळूच माझा हात मागे सारला.

"नको," ते म्हणाले. "माझा खाऊन झालाय."