आमच्या बंदुका खोट्या आहेत, साहेब!

आमच्या पिक्चरचं सगळं फुटेज एका हार्ड डिस्कमध्ये मावलंय. किस्से मात्र कुठंच मावत नाहीत! म्हणजे बघा, एक सीन करायला अख्खा दिवस खपायचं, आणि त्या एका सीनमागं चार किस्से फुकटात तयार. सीन नको असेल तर एडिटिंगला कापता येतो. किस्सा कापता येत नाही, उलट टपरीवर दर वेळी सांगताना थोडा वाढतोच. मी न वाढवता सांगतेय. शप्पथ!

तर पिक्चर सायन्स फिक्शन, फुल अॅक्शन. लई पुढच्या काळातलं सोलापूर. सगळं पाणी परग्रहावरच्या रोबोटांनी ताब्यात घेतलंय आणि आपली माणसं बंदुका घेऊन ते सोडवणार. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात दुसरी काय स्टोरी सुचणार?

डायरेक्टर अक्षयदादा. पुण्यातली नोकरी सोडून आला, घरी एकच बोलणं करून: "हा पिक्चर पुरा करू द्या. नाही झाला तर गप्प पुण्याला परत जातो, परत नाव काढणार नाही." बंदुका बनवणार श्रीनू, त्याच्या घरी टॉवेलचे पॉवरलूम. आणि श्रीनूच्या हाताखाली मी. आमच्या डिपार्टमेंटचं नाव आम्हीच ठेवलं, शस्त्रागार! खरं तर लूमच्या शेडचा एक कोपरा.

* * *

परवानगी काढायला पोलीस स्टेशनला गेलो. इन्स्पेक्टर साहेबांनी अर्ज वाचला, पेनाचं टोपण काढलं, आता सही करणार, तेवढ्यात सहज विचारलं, "बंदुका खऱ्या का खोट्या?"

अक्षयदादा एकदम फॉर्मात आला. "खोट्याच साहेब! पण अशा बनवणार, की कुणाच्या बापाला कळणार नाही!"

साहेबांनी टोपण परत लावलं.

मग अर्धा तास हातापाया पडणं. शेवटी सही झाली, पण अटीवर. "लोकं घाबरली, तक्रार आली, तर दोनदा ऐकून घेईन. तिसऱ्यांदा तुमचं सगळं सामान जप्त आणि शूटिंग बंद. पिक्चर पुरा झालेला असो नाहीतर नसो."

बाहेर आल्यावर दादाचा चेहरा पडलेला. श्रीनू म्हणाला, "टेन्शन घेऊ नको दादा. आता कुणालाही कळतील अशाच बनवतो!"

* * *

पहिलं मोठं हत्यार रॉकेट लाँचर. ड्रेनेजचा पाइप, त्याला सिल्व्हर कलर, वरून गणपतीच्या डेकोरेशनच्या लायटिंगची माळ. लांबी माझ्यापेक्षा जास्त! लोकेशनवर न्यायचं कसं? स्कूटीवर. श्रीनू पुढं, मी मागं, खांद्यावर लाँचर, मांडीवर पिशवी, पिशवीत रोबोटचं मुंडकं.

सिग्नलला ट्रॅफिक पोलिसानं बोट केलं. त्यानं लाँचर या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं.

"साहेब, हे खोटंय, पिक्चरचं आहे," मी एका दमात बोलून टाकलं.

"ते ऱ्हाऊ द्या. हेल्मेट कुटं हाय?"

श्रीनूनं मागं न बघता हात पिशवीत घातला, रोबोटचं मुंडकं काढलं आणि डोक्यात घातलं. डोळ्यांच्या जागी दोन लाल लाइट. "हे चालेल का साहेब?"

पोलीस वाकला. मुंडकं डावीकडनं बघितलं, उजवीकडनं बघितलं.

"आयएसआय मार्क न्हाय ह्याला."

पावती फाडलीच!

* * *

सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे. आम्हाला वाटलं होतं, माणसं वितळतील. बंदुका वितळतील असं कुणाच्या डोक्यात येणार? फोमच्या त्या, ग्लू गननं चिकटवलेल्या.

भर दुपारी हीरोचा सीन. हीरो आमचा इम्रान, जिममध्ये ट्रेनर आहे, बॉडी एक नंबर. रोबोटांच्या सरदारासमोर उभा राहिला, बंदूक रोखली आणि दात-ओठ खात डायलॉग मारला, "एक पाऊल पुढं टाकलंस, तर..."

आणि बंदुकीची नळी हळूहळू खाली वाकायला लागली. तो थांबला नाही, नळीही थांबली नाही. डायलॉग संपेपर्यंत नळी त्याच्याच बुटाकडं!

रोबोटच्या मुखवट्यातनं आवाज आला, "भावा, आधी तिला जरा सरबत पाज."

इम्रान बंदूक खाली टाकून, "क्या रे श्रीनू, मेरेइच पाँव पे निशाना लगारी ये!"

मग आयडिया काढली. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला पटवलं आणि टेक नसेल तेव्हा बंदुका त्याच्या कोल्ड्रिंकच्या फ्रीजमध्ये. दोन दिवस झकास चाललं. तिसऱ्या दिवशी एक आजोबा ताकाची पिशवी घ्यायला आले आणि फ्रीज त्यांनी स्वतःच उघडला.

ते ओरडले नाहीत. दार हळूच लावलं आणि चालत थेट पोलीस स्टेशन! तिथं जाऊन सांगितलं, "दुकानात ताकासंगं बंदुका विकायलेत. त्या बी गार करून!"

तक्रार पहिली.

* * *

इम्रानची महातोफ म्हणजे श्रीनूचा मास्टरपीस. तिच्या तोंडाशी गोल गोल चकत्या, त्यात खळगे, प्रत्येक खळग्यात निळा लाइट. बघणारा गारच! कुठनं आणल्या विचारलं, तर श्रीनू नुसता हसायचा.

टेक चालू. इम्रान तोफ घेऊन पळतोय, दादा कॅमेऱ्यामागनं ओरडतोय, "अजून जोरात!" आणि फ्रेममध्ये साडीतल्या एक काकू शिरल्या. श्रीनूची आई! त्यांनी सरळ जाऊन तोफ धरली, इम्रान जागेवरच थांबला. त्यांनी एक एक चकती नीट फिरवून काढली, लाइट बाजूला करून त्याच्याच हातात दिले.

"ओरे श्रीनू! पीठ फुगून बसलंय तिकडं. आणि माझं इडलीपात्र हितं युद्ध करतंय!"

"अम्मा, टेक चालू आहे!"

"इडली झाल्यावर मारामारी करा."

आणि गेल्या. अर्ध्या युद्धात तोफेला तोंड आहे, अर्ध्यात नाही. दादा म्हणाला, चालतंय, स्फोटात उडालं दाखवू. इडल्या मात्र सगळ्या युनिटला मिळाल्या. रोबोटांनी मुखवटे वर सरकवून चटणीसकट खाल्ल्या!

* * *

दुसरी तक्रार होटगीच्या बाजूची. ओळखीतल्या एकांच्या डाळिंबाच्या बागेत गॅसयुद्धाचा सीन होता. इम्रानच्या पाठीवर टाकी, हातात लांब नळी, पिक्चरमधलं विषारी अस्त्र! आम्ही भाड्याच्या मशिननं पांढरा धूर सोडला, सीन भारी झाला.

बांधावर शेजारचे एक बागवाले काका उभे होते. बराच वेळ बघत होते. शेवटी इम्रानला विचारलं, "कोन्तं औषध हाय हे?"

इम्रान कॅरेक्टरमध्ये. डोळे बारीक करून म्हणाला, "ह्यानं एकही जिवंत राहत नाही."

"व्हय? डाळिंबाच्या तेल्या रोगावर चालतंय का?"

आम्ही हसलो, पॅकअप केलं, निघून आलो. दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन, दादाच्या मोबाइलवर. स्पीकर चालू. "तुमच्याविरुद्ध तक्रार आहे. शेजाऱ्याच्या बागेवर जालीम औषध मारलं आणि यांच्या बागेवर मारलं नाही, अशी."

दादानं मोबाइलकडं बघितलं, मग आमच्याकडं.

साहेब म्हणाले, "ही तक्रार मोजावी का नको, मलाच कळेना. पण मोजतो. आता शेवटची राहिली."

त्या दिवसापासनं अक्षयदादाची झोप उडाली. क्लायमॅक्स बाकी होता. क्लायमॅक्स नाही तर पिक्चर नाही, पिक्चर नाही तर पुण्याची बस.

* * *

शूटिंग शनिवार-रविवारचं, त्यामुळं लांबत लांबत दसरा आला. क्लायमॅक्सच्या आधी बंदुकांना नवा रंग मारला आणि लूमच्या शेडमध्ये वाळत ठेवल्या. नेमकी त्या दिवशी खंडेनवमी! श्रीनूच्या वडलांनी लूमची पूजा केली. कात्री, पाने, स्क्रू ड्रायव्हर, सगळ्यांची केली. मग कोपऱ्यात बघितलं. ओल्या रंगावर हळद-कुंकू, प्रत्येक बंदुकीला झेंडूचं फूल!

सकाळी बघतो तर कुंकू रंगात पक्कं बसलेलं. घासून घासून हात दुखले, निघेना.

अक्षयदादानं कपाळाला हात लावला. "काका, परग्रहावरच्या रोबोटांच्या बंदुका आहेत हो या! त्यांना कुंकू?"

काकांना दादाचं काही कळलंच नाही. "मग? तेबी कामाला जातात का न्हाय? पूजा न करता हत्यार चालतंय होय?"

पिक्चरमध्ये नीट बघा. आमच्या रोबोटांची अख्खी फौज कुंकू लावून लढते!

* * *

आणि क्लायमॅक्स. बंद पडलेल्या एका गिरणीचं आवार, पंधरावीस पोरं रोबोट, तेवढीच आपली फौज. सगळ्या गल्लीला आधीच सांगून आलो होतो. दुपारपर्यंत निम्मा सीन झाला. इम्रान भिंतीवरनं उडी मारणार, दादा "अॅक्शन" म्हणणार, तेवढ्यात गेटमधनं जीप आत आली.

साहेब स्वतः. बरोबर हवालदार, पांढऱ्या मिशा, हसणं म्हणजे काय हे माहीत नसलेला चेहरा, हातात फाइल. हायवेवरनं जाणाऱ्या कुणीतरी फोन केला होता, गिरणीत हत्यारबंद लोक घुसलेत म्हणून.

"तिसरी," साहेब म्हणाले.

"साहेब, आजचा एकच दिवस..." दादानं हात जोडले.

"सगळी हत्यारं इथं मांडा."

श्रीनूनं चादर अंथरली. आम्ही एक एक बंदूक ओळीनं ठेवली, पेपरात जप्तीचे फोटो येतात ना, तश्शी. इम्रान मान खाली घालून उभा. हवालदारांनी फाइल उघडली, लिहायला सुरुवात केली.

साहेब ओळीच्या कडेनं चालत आले. "हे काय?"

"गोठवायची गन, साहेब," श्रीनू म्हणाला.

"आणि हे?"

"प्लाझ्मा रायफल."

"गोळी सुटते?"

"नाही साहेब. ट्रिगर दाबला की लाल लाइट लागतो. बास."

"बघू."

साहेबांनी रायफल उचलली. उलटी करून बघितली, नळीत डोकावले. मग पाय फाकवून उभे राहिले, रायफल खांद्याला लावली, एक डोळा मिटला आणि ती समोर धरली. समोर हवालदार लिहीत होते.

ट्रिगर दाबला. लाल लाइट लागला. सगळं आवार चिडीचूप. आणि त्या शांततेत साहेबांच्या तोंडातनं, अगदी बारीक आवाजात आलं, "ढिच्क्यांव!"

हवालदारांनी मान वर केली. साहेबांकडं बघितलं. हातातली फाइल सोडली, छाती धरली, एक गिरकी घेतली आणि धाडकन धुळीत आडवे झाले.

रोबोटांनी बघायला मुखवटे वर सरकवले.

साहेबांनी रायफल खाली केली. इकडं-तिकडं बघितलं. घसा खाकरला.

"हवालदार. उठा."

हवालदारांनी डोळे उघडले नाहीत.

"कसं उठू साहेब? मेलोय की मी!"